सुईच्या भोकाएवढ्या वाटेने दृष्टिपटलापर्यंत

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट या विषारी द्रव्याची वाफ बाहेर पडली. सुमारे ४० टन द्रव्य त्या रात्री हवेत मिसळले. हमीदिया रुग्णालयाकडे लोटलेल्या हजारो स्त्री-पुरुषांच्या आणि मुलांच्या तक्रारी प्रामुख्याने दोन होत्या : श्वास कोंडणे आणि डोळे उघडता न येणे. आपली दृष्टी कायमची गेली, असे त्यांतील अनेकांना वाटले आणि तसे वाटणे साहजिकही होते.

पुढील काही दिवसांत व आठवड्यांत बहुतेकांच्या डोळ्यांवरील वरवरचे व्रण भरून आले. सरसकट अंधत्व आले नाही. परंतु सर्व काही पूर्ववत झाले, असेही घडले नाही. डोळ्यांतून सतत पाणी येणे, जळजळ, पापण्यांचे विकार, अकाली मोतीबिंदू आणि काहींच्या बुबुळावर पडलेले फूल या तक्रारी वर्षानुवर्षे टिकून राहिल्या व वैद्यकीय पाहण्यांतही नोंदविल्या गेल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वायूचा मुख्य मारा झाला तो डोळ्याच्या दर्शनी भागावर. सर्वांत पुढील पारदर्शक काचेसारख्या पडद्याला शास्त्रात स्वच्छमंडल म्हणतात. बोलण्यात आपण ज्याला एकंदरीने बुबुळ म्हणतो, त्याची ही पुढची काच होय. ज्यावर चित्र उमटते ते दृष्टिपटल डोळ्याच्या मागील भिंतीवर, सुमारे २४ मिलिमीटर आत, सुरक्षित असते. म्हणजे ज्या घराच्या खिडकीची काच धुरकट झाली आहे, पण आतील भिंत शाबूत आहे, अशा घरासारखी या डोळ्याची स्थिती असू शकते. काच सर्वत्र सारखीच धुरकट नसेल, तिच्यात कोठेतरी एखादी स्वच्छ फट उरली असेल, तर त्या फटीतून नेमका तेवढाच प्रकाश आत सोडून भिंतीवर चित्र काढता येईल काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. डोळ्याच्या अगदी निकट धरावयाच्या दर्शक-यंत्रांची जी प्रकाशशास्त्रीय रचना आज जगभर विकसित होत आहे, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एक पोस्टकार्ड पुरेसे आहे.

कागदाच्या पट्टीचा प्रयोग

पोस्टकार्डास सुईने एक बारीक भोक पाडावे. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्यासमोर साधारण दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर कार्ड धरावे व भोकातून उजळ आकाशाकडे किंवा चुना दिलेल्या उन्हातील भिंतीकडे पाहावे. (सूर्याकडे कदापि पाहू नये, शिक्षकांनी ही सूचना प्रयोगापूर्वी दोनदा द्यावी.) प्रकाशाचे एक गोल वर्तुळ दिसेल. आता साध्या कागदाची, बाणासारखे टोक कापलेली एक अरुंद पट्टी कार्ड आणि डोळा यांच्या मधल्या जागेत खालून हळूहळू वर सरकवावी. टाचणी किंवा काडी वापरू नये. डोळ्याजवळ मऊ कागदच बरा.

पट्टी खालून वर जात आहे हे आपल्या बोटांना कळत असते. डोळ्यास मात्र ती वरून खाली उतरताना दिसते, आणि बाणाचे टोक खाली असते. शिक्षकांच्या एका मेळाव्यात हा प्रयोग करून दाखविला असता निम्म्या मंडळींनी पट्टी उलटी धरली गेली म्हणून ती पुनःपुन्हा तपासून पाहिली होती, हे प्रस्तुत लेखकास आठवते.

याचे कारण मोठे मनोरंजक आहे. एरवी आपण एखादे झाड पाहतो तेव्हा डोळ्यातील भिंगामुळे झाडाची प्रतिमा दृष्टिपटलावर उलटी पडते. उलट्या प्रतिमेस सुलटे मानण्याची सवय मेंदूस जन्मभराची आहे. या प्रयोगात मात्र कागदाच्या पट्टीची प्रतिमा तयारच होत नाही. इतक्या जवळच्या वस्तूची प्रतिमा डोळा बनवू शकत नाही. भोकातून पसरत आलेला प्रकाश डोळ्यात शिरताना जवळजवळ समांतर होतो, दृष्टिपटलावर त्याचे एक वर्तुळ पडते आणि त्या वर्तुळात पट्टीची केवळ सावली, जशीच्या तशी सुलटी, पडते. मेंदू आपल्या सवयीप्रमाणे तिला उलटवितो. म्हणजेच पोस्टकार्डाच्या साह्याने आपण दृष्टिपटलावर थेट आकृती टाकलेली असते. लक्षावधी रुपयांच्या यंत्रांत जे घडते ते तत्त्वतः याहून निराळे नाही.

पट्टी दूर करून त्याच भोकातून पंचांगातील बारीक अक्षर वितीच्या अंतरावरून वाचून पाहावे. ज्यांना चाळिशीमुळे चष्म्यावाचून अक्षर लागत नाही त्यांनाही ते बहुधा वाचता येईल. अंधूक दिसेल, पण अक्षराच्या कडा स्पष्ट असतील. हा दुसरा गुणधर्म पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे.

भिंगाचा डबा आणि अरुंद शलाका

डोळ्यासमोर तीन सेंटिमीटरवर ठेवलेली वस्तू स्पष्ट पाहावयाची तर डोळ्याने आपली शक्ती सुमारे ३३ डायॉप्टरांनी वाढवावयास हवी. दहा वर्षांच्या मुलास फार तर १४ डायॉप्टरांची वाढ साधते, चाळिशीत ती चार-पाचवर येते आणि साठीत एखादा डायॉप्टर उरतो. म्हणून डोळ्याजवळच्या पडद्यापुढे भिंग बसविणे अपरिहार्य होते. पडदा भिंगाच्या नाभीवर ठेवला की त्यातून निघालेले किरण समांतर होऊन बाहेर पडतात आणि पडदा जणू दूर क्षितिजाशी असल्याप्रमाणे दिसू लागतो. विज्ञान प्रदर्शनांत मुले डोळ्यांना डबा लावून ज्या काल्पनिक जगात फिरतात, त्या डब्यात मुख्यत्वे एवढेच असते. इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली अमेरिकेत अशा प्रकारचे जे आरंभीचे यंत्र बनविले ते इतके जड होते की छतास टांगावे लागे. आज ते हलके झाले आहे, परंतु त्यातील एक मर्यादा कायम आहे. भिंगातून येणारा प्रकाश डोळ्याची संपूर्ण बाहुली व्यापून आत शिरतो. तेव्हा डोळ्याच्या काचेत जो दोष असेल तो चित्रातही उतरतो. चष्मा असणाऱ्यास तो डब्यातही लागतो. बुबुळावर फूल असणाऱ्यास धुकेच दिसते.

दुसरी पद्धत पोस्टकार्डाच्या भोकाची. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास रंगांविषयीच्या प्रयोगांत अशी योजना केली होती की प्रकाश डोळ्याच्या बाहुलीतच एका बिंदूपाशी एकवटावा व तेथून पसरत दृष्टिपटलावर जावा. त्याच्या नावावरून या रचनेस मॅक्सवेलीय दर्शन म्हणतात. भोकाने प्रकाशाचा मोठा हिस्सा अडवून टाकण्याऐवजी सगळाच प्रकाश एका अरुंद वाटेने आत न्यावयाचा, ही त्यातील खुबी. पोस्टकार्डातून अक्षर अंधूक दिसते, मॅक्सवेलच्या रचनेत ते तेजस्वी दिसते.

अरुंद वाटेचा लाभ आकड्यांत पाहू. उणे दोन नंबरचा चष्मा लागणारा मनुष्य चष्मा काढून दूर पाहतो आणि त्याची बाहुली चार मिलिमीटर रुंद आहे असे समजा. त्यास प्रत्येक बिंदू सुमारे २७ कोनीय मिनिटांएवढा फुगून दिसतो. निरोगी डोळा एका मिनिटाच्या अंतरावरील दोन बिंदू वेगळे ओळखतो. यावरून हा धूसरपणा किती मोठा आहे ते कळेल. प्रकाशाची शलाका एक मिलिमीटर रुंद ठेवली तर तोच फुगवटा ७ मिनिटांवर येतो. मग अर्धा मिलिमीटर, पाव मिलिमीटर असे करीत का जाऊ नये? कारण प्रकाश हा तरंगरूप आहे. अरुंद वाटेतून जाताना तो कडांपाशी पसरतो. यास विवर्तन म्हणतात. एक मिलिमीटरच्या शलाकेत या पसरण्यामुळे दोन मिनिटांहून थोडा अधिक धूसरपणा येतो आणि अर्ध्या मिलिमीटरमध्ये तो दुप्पट होतो. एका बाजूने मिळविलेले दुसऱ्या बाजूने जाते. म्हणून यंत्र रचणारास शलाकेची रुंदी एक ते दोन मिलिमीटरांच्या आसपास ठेवून तडजोड करावी लागते, आणि या तडजोडीतून सुटका नाही.

दुसरी अडचण अधिक त्रासाची आहे. दाराच्या कुलपाच्या भोकातून खोलीत डोकावताना मान जरा हलली की खोली नाहीशी होते. येथेही तेच घडते. डोळा आपल्या जागी २० अंशांनी फिरला तर बाहुली साडेतीन मिलिमीटर बाजूस सरकते. दिवसा बाहुली जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असते. शलाका तिच्या बाहेर पडते आणि सगळे चित्र एकाएकी मालवते. मनुष्याचा डोळा तर क्षणभरही स्थिर राहत नाही! यावर उपाय म्हणून कोणी एकाऐवजी शेजारी शेजारी अनेक शलाका सोडतात, कोणी छोट्या कॅमेऱ्याने बाहुलीचा माग काढून शलाका तिच्या मागोमाग वळवितात. प्रत्येक उपायात यंत्र जड, महाग किंवा गुंतागुंतीचे होते. चित्राचा विस्तार आणि डोळ्यास हलण्याची मुभा या दोन गोष्टी एकाच मापाच्या कापडातून बेतावयाच्या असतात. पन्हा वाढविला की लांबी कमी पडते.

फट शोधणारे यंत्र

या विद्येचा रुग्णांसाठी पहिला भरीव उपयोग झाला तो मनोरंजनासाठी किंवा युद्धासाठी नव्हे, तर मोतीबिंदूच्या तपासणीत. पिकलेल्या मोतीबिंदूमागील दृष्टिपटल कसे आहे हे डॉक्टरांना बाहेरून दिसत नाही. शस्त्रक्रिया करून मोतीबिंदू काढला आणि मागील पटलच निकामी निघाले, तर रुग्णाच्या पदरी निराशा येते. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांनी असे उपकरण तयार केले की ज्यातून अक्षरांचा तक्ता मिलिमीटरच्या दशांशाएवढ्या अरुंद शलाकेत साठवून मोतीबिंदूतील स्वच्छ फटीतून आत सोडता येतो. रुग्णाने ती अक्षरे वाचली तर पटल काम देत आहे आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी सुधारण्याची आशा आहे, असे अनुमान निघते. फटच उरली नसेल तर मात्र ही परीक्षा होत नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे केवळ तक्ता नव्हे, तर समोरचे चालते-बोलते दृश्य आत सोडणे. वॉशिंग्टन विद्यापीठात थॉमस फर्नेस व त्यांचे सहकारी १९९१ च्या सुमारास या कामास लागले. तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांच्या लेझर किरणांची एक बारीक शलाका करावयाची, ती एका थरथरणाऱ्या इवल्या आरशावर टाकावयाची आणि आरशाच्या हालचालीने, शेतात तासामागून तास धरावा तशी, ओळीमागून ओळ दृष्टिपटलावर रेखावयाची. पडदा असा कोठेच नसतो. दृष्टिपटल हाच पडदा. शलाकेची शक्ती वॅटच्या काही लक्षांश भागांपुरतीच मर्यादित ठेवतात. लेझर हा शब्द ऐकून दचकण्याचे कारण नसले, तरी ही मर्यादा काटेकोर पाळावी लागते. बाजारात खेळणे म्हणून मिळणाऱ्या लेझर दिव्याने मुलांनी एकमेकांच्या डोळ्यांवर प्रकाश टाकणे मात्र खरोखरच घातक आहे.

जपानमधील क्यूडी लेझर या संस्थेने चष्म्याच्या चौकटीत बसविलेल्या अशा यंत्रास २०२० साली त्या देशात वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळविली. स्वच्छमंडल खडबडीत झाल्यामुळे ज्यांची दृष्टी साध्या चष्म्याने सुधारत नाही, अशांसाठी ते आहे. चौकटीवरील कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो आणि आरसा ते अरुंद शलाकेने आत रेखतो. शलाका खडबडीत काचेचा इतका लहान भाग वापरते की तेवढा भाग जवळपास सपाट मानता येतो. लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय असे देता येते, ते या आधारावर.

परंतु भोपाळच्या वायुपीडितांचा विचार करताना हे उत्तर सावधपणे वापरले पाहिजे. ज्यांच्या तक्रारी जळजळ, कोरडेपणा आणि पाणी वाहणे यांच्या आहेत, त्यांना प्रकाशाच्या कोणत्याही रचनेने आराम पडणार नाही. तो विकार अश्रूंचा व पापण्यांचा आहे. ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया हाच सिद्ध उपाय आहे. संपूर्ण बुबुळ पांढरे झालेल्यांना बुबुळ-रोपणाची वाट पाहावी लागते, आणि त्यासाठी मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. मधुमेहाने दृष्टिपटल खराब झाले असेल किंवा काचबिंदूने डोळ्याची मज्जा वाळली असेल, तर पटलावर कितीही सुंदर चित्र रेखले तरी ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही. या सर्वांना वगळून जे उरतात, ज्यांची काच अर्धवट बिघडली आहे आणि पटल चांगले आहे, त्यांच्यापुरती ही आशा आहे. संख्येने ते थोडे असतील. पण ज्याचा डोळा आहे त्याच्या दृष्टीने संख्येस अर्थ नसतो.

नाशिकच्या संशोधकाची उलटी युक्ती

हीच विद्या उलट्या अंगाने वापरून डोळ्याचा नंबर काढण्याचे काम ज्यांच्या गटाने केले त्यांचे नाव मराठी वाचकांस परिचित असावयास हवे. रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ते प्राध्यापक झाले. २०१० साली त्यांनी व त्यांचे सहकारी व्हिटर पाम्प्लोना, अंकित मोहन आणि मॅन्युएल ऑलिव्हेरा यांनी ‘नेत्र’ नावाचे उपकरण जगापुढे मांडले. हे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळविलेले असले तरी ते जुळविताना आपला शब्द त्यांच्या मनात असणार, यात शंका वाटत नाही.

त्याचे तत्त्व समजण्यास पुन्हा पोस्टकार्ड घ्यावे. या वेळी त्यास सुईने दोन भोके, एकमेकांपासून दोन मिलिमीटर अंतरावर, पाडावी. कार्ड डोळ्यास अगदी लागून धरावे, म्हणजे दोन्ही भोके बाहुलीसमोर येतील. हातभर अंतरावरील एका उभ्या काडीकडे पाहावे व नंतर त्याच वेळी दूरच्या खांबाकडे दृष्टी लावावी. काडी दुहेरी दिसू लागेल. ज्या अंतराशी डोळा जुळला आहे तेथील वस्तू एकच दिसते, बाकीच्या दुहेरी. कारण दोन भोकांतून आलेल्या दोन शलाका पटलावर एका ठिकाणी मिळत नाहीत. क्रिस्टोफ शायनर यांनी हे १६१९ मध्येच लिहून ठेवले आहे.

‘नेत्र’मध्ये मोबाइल फोनच्या पडद्यावर दोन रेघा उमटतात आणि पडद्यापुढील बारीक भिंगांतून त्या बाहुलीच्या दोन वेगवेगळ्या भागांतून आत जातात. निर्दोष डोळ्यात त्या एकमेकींवर बसतात. निकटदृष्टीच्या किंवा दूरदृष्टीच्या डोळ्यात त्या अलग पडतात. तपासून घेणाराने बटण दाबीत त्या रेघा एकत्र आणावयाच्या. किती सरकवाव्या लागल्या यावरून नंबर निघतो. निरनिराळ्या दिशांत हेच केले की वक्रतेचा दोषही मोजला जातो. म्हणजे नेत्रचिकित्सालयातील मोठी यंत्रे डोळ्यात प्रकाश सोडून बाहेर काय येते ते मोजतात, तर येथे मोजणारा मनुष्य स्वतःच डोळ्याच्या आत बसलेला असतो. फोनवर लावावयाचा हा जोड एक-दोन डॉलरांत होऊ शकेल, असे संशोधकांनी त्या वेळी सांगितले होते. २०१६ साली रासकर यांना लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम पाच लक्ष डॉलर होती.

या पद्धतीतही एक मेख आहे. लहान मुले नकळत डोळ्यांवर ताण देऊन भिंगाची शक्ती वाढवितात आणि नंबर खोटा येतो. म्हणूनच नेत्रतज्ज्ञ मुलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, भिंगाचे स्नायू सैल करून, मग तपासतात. शाळेत फोनवर काढलेला नंबर घेऊन थेट चष्म्याच्या दुकानात जाणे योग्य नव्हे.

शिक्षकांना व आरोग्य कर्मचाऱ्यांना मात्र एक साधी परीक्षा हाताशी ठेवता येईल, आणि ती नेत्रचिकित्सा सहायक रोजच करीत असतात. काळ्या पुठ्ठ्यास किंवा पत्र्यास साधारण १.२ मिलिमीटरचे भोक असते. हे माप वर सांगितलेल्या तडजोडीतच बसते. ज्यास फळ्यावरील अक्षर दिसत नाही त्याने एक डोळा झाकून दुसऱ्याने या भोकातून फळा पाहावा. अक्षर लागले तर दोष बहुधा डोळ्याच्या पुढील काचेत किंवा भिंगात आहे आणि चष्म्याने किंवा अन्य उपचाराने सुधारणा होण्याचा संभव आहे. भोकातूनही काही फरक पडला नाही, तर कारण मागील पटलात असू शकते, किंवा फूल नेमके बाहुलीच्या मध्यावर असू शकते. अशा व्यक्तीस चष्म्याच्या दुकानाकडे न पाठविता त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीवर भोकातून प्रत्येक डोळ्यास कितवी ओळ दिसली, एवढे अवश्य लिहावे.